चौथं बोट

पुणे
२४ ऑगस्ट २०२५

ती. विशालाक्षीआत्या,

नमस्कार, आणि वाचून चिडू नकोस ही विनंती, दोन्ही एकदमच घे.

जुलैत चेन्नईला येऊन गेल्यापासून तुला फोन करतोय. तू उचलत नाहीस. उचललास तर "हं, बरं, बरं" म्हणतेस, आणि मी विचारलेल्याशी त्याचा काडीचा संबंध नसतो. सुष्मिता म्हणते, आत्या रुसल्यात. म्हणून शेवटी कागद पुढे ओढला.

सरळ मुद्द्यावर येतो. तुला तिथं एकटीला ठेवायला मला आता भीती वाटते. अण्णा होते तोवर गोष्ट वेगळी होती. ते गेले, वडिलांमागे फ्लॅट माझ्या नावावर झाला, आणि त्याबरोबर तुझी जबाबदारीही माझ्याकडे आली असं मी धरून चालतो. तू धरत नाहीस, हे मला माहीत आहे.

जुलैत मी जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही. पियानोची पुढची फळी गळून पडलेली, भिंतीला टेकवून ठेवलेली. आतले हातोडे, तारा, सगळं उघडं. खालच्या पोकळीत एक बल्ब जळत होता. शिकायला येणाऱ्या मुलांच्या शेजारी असायची ती तुझी खुर्ची उचलून तू पार कोपऱ्यात, पियानोच्या बगलेत नेऊन ठेवलीस. शिकवताना तू मुलांकडे बघतसुद्धा नव्हतीस, त्या उघड्या पोटात बघत बसली होतीस. आपल्या बिल्डिंगचे सेक्रेटरी अप्पाजी राव मला जिन्यात गाठून म्हणाले, "विश्वा, तुज्या आत्याचं कांहीं बरोबर नाहीं रे." शिवाय दर शनिवारी कोणी एक गृहस्थ येऊन तासभर नुसत्या वरच्या पट्ट्या बडवतो म्हणे. तो कोण?

मी एक मार्ग काढलाय. तिथंच चेन्नईबाहेर सिरुसेरीला माझा मित्र एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्यांच्या नव्या इमारतीच्या लॉबीत ठेवायला त्यांना जुना पियानो हवाय. काचेच्या भिंतीजवळ, खालून दिवे सोडून. जिवापाड जपतील. तू इकडे ये. आमची ऊर्मी सात वर्षांची झाली, तिला शिकव. तिच्यासाठी छोटा कीबोर्ड घेऊ. त्याला हेडफोन लावता येतो, म्हणजे शेजाऱ्यांची कटकटच नाही.

शांतपणे विचार कर.

तुझा,
विश्वजित


मंदवेळी, चेन्नई
१ सप्टेंबर

चि. विश्वाला अनेक आशीर्वाद, आणि एक कान पिरगाळणं.

रुसायला मी काय नवी नवरी आहे? फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून मी बोलत नाही. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही. यापुढे जे काही सांगायचं ते लिहून सांग. अक्षर बिघडलंय, तेही सुधारेल.

लॉबीचं वाचून आधी हसले, मग रात्रीचं जेवण गेलं नाही. अरे, ते त्यावर फुलदाणी ठेवतील. झाकणाला कुलूप लावतील, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी टकटक करू नये म्हणून. न वाजणारा पियानो म्हणजे कप्पे नसलेलं कपाट. अशा ठिकाणी पाठवण्यापेक्षा मी तो स्वतः कुऱ्हाडीनं फोडून बंबात घालीन. मंदवेळीत बंब नाहीत आता, पण शोधीन.

तुला वाटतं, म्हातारीचा एका वस्तूवर जीव जडलाय. तसं नाही. हे माझं काम आहे. तुझ्या ऑफिसातून तुझी खुर्ची उचलून कोणी हॉटेलात शोभेला नेली तर तुला कसं वाटेल?

माझे बाबा, म्हणजे तुझे आजोबा, पेरांबूरला रेल्वेत कारकून होते. शेजारी मिस रोझारियो राहायची, तिच्याकडे हा पियानो. आपल्या इथल्या मराठी लोकांतली मुलगी वीणा शिकायची, फार तर गायची. मी भिंतीला कान लावून बसायचे. एक दिवस सरळ तिच्या दारात जाऊन उभी राहिले. तिनं पहिल्यांदा माझी नखं पाहिली आणि म्हणाली, कापून ये. धावत घरी गेले, कापून आले. घरात कोण गहजब झाला! थोरली काकू म्हणाली, "पाहायला आले तर काय वाजवेल ही? हे कपाट डोक्यावर घेऊन जाईल काय?" पाहायला आलेही. त्यातल्या एकानं विचारलं, लग्नानंतर हे थांबेल ना? मी नाही म्हटलं, तो गेला, आणि मला आजतागायत त्याचं नाव आठवलेलं नाही.

मिस रोझारियो ऑस्ट्रेलियाला गेली तेव्हा पियानो मला देऊन गेली. मैलापूरचे संगीतसभावाले म्हणाले, ह्यात गमक येत नाही, सूर झुलवता येत नाही, हे कसलं संगीत. मी म्हटलं, नसेल येत, बाकीचं येतं. गेली चाळीसएक वर्षं मी ते बाकीचं शिकवत्ये. माझ्या एकाही विद्यार्थ्याचं नाव पेपरात आलेलं नाही. एक दातांचा डॉक्टर आहे, एक जॉर्ज टाउनमध्ये बापाचं मिरी-वेलचीचं दुकान बघतो आणि मला पियानोच्या हातोड्यांना लागणारी बनात, ते जाड लोकरी कापड, तिथूनच आणून देतो. तुझा तो शनिवारचा रहस्यमय गृहस्थ म्हणजे व्यासराज, माझा जुना विद्यार्थी. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. अप्पाजीला सांग, त्याचं लग्न झालंय, दोन मुलं आहेत, काळजी नको.

बल्ब ओल धरू नये म्हणून. तू लहान होतास तेव्हाही असायचा, विसरलास. आणि फळी गळून पडलेली नाही. तिथं ती मी ठेवल्ये. मला कारण आहे.

तुला आठवतं, तुझं चौथं बोट? अंगठ्यापासून चौथं. प्रत्येकाचंच ते आळशी असतं, शेजाऱ्याच्या जिवावर जगतं. तुझं तर महाआळशी. मनगटावर सुपारी ठेवली की त्या बोटाच्या पाळीला ती हमखास घरंगळायची, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "चौथं बोट!" दहावीच्या अभ्यासाचं निमित्त काढून तू सोडलंस. बोट अजून तसंच असणार.

मी येत नाही. पियानो जात नाही.

आत्या


पुणे
१२ सप्टेंबर

आत्या,

परवा अप्पाजींचा फोन आला. गॅसवाला तुझ्या दारावर बेल वाजवून वाजवून परत गेला. मग ते स्वतः आले, त्यांनीही वाजवली, शेवटी दार बडवलं. तू आतच होतीस. दार ढकललं तर उघडंच, आणि तू टेबलाशी बसून शेंगा सोलत होतीस आणि त्यांना बघून दचकलीस.

मग मला सगळं एकेक करून समजलं. फोन. "हं, बरं, बरं." पत्राचा हट्ट. आत्या, तुला ऐकू येत नाही, हो ना?

हे मला दुसऱ्याकडून कळावं याचं फार वाईट वाटलं. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. तुझ्याकडे लोक मुलं पाठवतात. ती मुलं लंडनच्या परीक्षांना बसतात. त्यांच्या आईवडिलांना तू हे सांगितलंयस? बहिऱ्या बाईकडे आपली मुलगी पियानो शिकते हे त्यांना कळलं तर ते काय म्हणतील? लोक तुला काही बोलायच्या आत, मान राखून तू यातून बाहेर पडावंस, एवढंच मला हवंय. तू मला शिकवलंस, वाढवलंस. तुझं हसं झालेलं मला बघवणार नाही.

म्हणून आता विचारत नाही, कळवतो. सिरुसेरीचं पक्कं केलं. ट्रान्सपोर्टवाले १ ऑक्टोबरला सकाळी येतील. त्या दिवशी त्यांच्या ऑफिसला सुट्टी असते, लॉबी मोकळी मिळते. शिवाय नवमी. सुष्मिताच्या आईला विचारलं, त्या म्हणाल्या नवरात्रात असं शुभकार्य करायला हरकत नाही. दसऱ्यानंतर मी तुला न्यायला येतो.

खूप रागावशील. रागाव. पण तयारी ठेव.

विश्वजित


मंदवेळी
२० सप्टेंबर

चि. विश्वा,

हो. ऐकू येत नाही. एकदम सगळं बंद झालेलं नाही. दीडेक वर्षापूर्वी पियानोच्या उजव्या टोकाच्या पट्ट्या मुक्या झाल्या. मला वाटलं, उंदरांनी बनात खाल्ली. व्यासराजला बोलावलं, तो म्हणाला, टीचर, सगळ्या वाजताहेत. मी त्याला पुन्हा वाजव म्हटलं. पुन्हा वाजवलं. त्याचं बोट खाली जात होतं आणि मला लाकडावर नख आपटल्यासारखं टक् टक् ऐकू येत होतं, बाकी काही नाही. त्या दिवशी मी खूप रडले. हे तुला सांगून टाकते, म्हणजे म्हातारी दगडाची आहे असं तू समजणार नाहीस. मग माणसांची बोलणी धूसर झाली, मग फोन गेला. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन मशीनही लावून पाहिलं. माणसं त्यात बरी ऐकू येतात. पियानो मात्र पत्र्याच्या डब्यात चमचे ओतल्यासारखा वाजतो. म्हणून शिकवताना काढून ठेवते, आणि मग परत घालायला विसरते. गॅसवाल्याची मी माफी मागितली आहे.

रडून झाल्यावर स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पुढची फळी काढली. मोडकं घर समजून तू पुण्याला गेलास, आणि ती तर माझी नवी रीत होती. आतले हातोडे तारेवर कसे जातात ते मला बगलेतून दिसतं. बोट चुकलं की चुकीचा हातोडा उठतो. बोट आळसलं की हातोडा उशिरा उठतो, अर्धवट उठतो. डावा तळवा मी लाकडावर ठेवते, खालचे सूर हाडांत येतात. एवढी वर्षं मी कानानं जे पकडत होते त्यातलं बरंचसं आता आधीच दिसतं. सगळं नाही दिसत. वरच्या टोकाचा गोडवा मला कळत नाही, म्हणून शनिवारी व्यासराज येतो. तो ऐकतो, मुलांना सांगतो, मला लिहून देतो. तेवढं त्याचं खातं, बाकीचं माझं.

आणि कृपा करून त्या बहिऱ्या जर्मन महापुरुषाचं उदाहरण कोणी मला देऊ नये. तो कुठं, मी कुठं. मी मंदवेळीची पियानो टीचर आहे. मला काही अमर व्हायचं नाही, गुरुवारी चार वाजता येणाऱ्या मुलीचं मनगट सैल करायचंय.

पण पत्रातली तुझी एक गोष्ट मला लागली, कारण ती खरी आहे. आईबापांना मी सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं. घाबरले होते. ते आता मी माझ्या तोंडानं सांगीन, माझ्या दिवशी. त्यानंतर एकही मूल उरलं नाही तर मी स्वतः तुझ्या गाडीत बसेन. आणि उरलं, एक जरी उरलं, तरी तुझ्या लॉबीनं फुलदाणी ठेवायला दुसरी जागा बघावी. आहे कबूल?

माझा मान राखायला निघालास, तर ऐक. मला यातून मान राखून बाहेर नाही पडायचं. मला आतच राहायचंय.

१ ऑक्टोबरला माणसं पाठवतोस? पाठव. तारीख तू निवडलीस, मी नाही.

आत्या


पुणे
१ ऑक्टोबर, दुपार

आत्या,

हे काय चाललंय? ट्रान्सपोर्टच्या त्या रघुचा फोन आला. म्हणे आज गाडी निघणार नाही, तो बसनं तुझ्याकडे येऊन गेला, तू त्याला खायला घातलंस, आणि पियानोला आज कोणी बोटसुद्धा लावू शकत नाही. का, ते त्यानं तमिळमध्ये इतक्या भरभर सांगितलं की मला अर्धं कळलं. उद्या सकाळी येतो म्हणतो. लगेच कळव. तू फोन घेत नाहीस हे कळतं, पण अप्पाजींकडून तरी एखादा मेसेज पाठवशील की नाही?

विश्वजित


मंदवेळी
४ ऑक्टोबर

चि. विश्वाला आत्याचा आशीर्वाद. बैस नीट, आणि पाणी पिऊन घे.

पुण्याच्या हवेनं तुझं डोकं धुऊन निघालंय. अरे, नवमीला आपल्याकडे सरस्वतीपूजा! त्या दिवशी वही, पुस्तक, वीणा, शिलाईचं मशीन, सुताराची करवत, रिक्षा, सगळं पूजेत. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला पुन्हा पूजा करून उचलेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. लहानपणी अभ्यास टळावा म्हणून सगळ्यांत आधी पुस्तकं आणून ठेवणारा तूच, गणिताचं पार तळाशी. आणि तू त्याच दिवशी चेन्नईतल्या हमालांना पियानो उचलायला सांगितलंस! मी पत्रात तुला का नाही सावध केलं? कारण मला मजा बघायची होती.

रघु आला तो पांढरी वेष्टी नेसून, कपाळावर विभूती लावून. मी फोन उचलला नाही म्हणून बिचारा स्वतः सांगायला आला. नवरात्रात मांडलेल्या कोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्या, शेजारी पियानो. त्याच्यावर माझी अंजिरी रेशमी साडी, झाकणावर चंदन-कुंकू, वर मुलांची पुस्तकं, सुपारी आणि एरवी मुलांसाठी दाराजवळ दोरीला बांधलेलं असतं ते नखं कापायचं यंत्र. त्यालाही कुंकू. रघुनं चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाला, "अम्मा, इन्रु कै वैक्कमाट्टोम." आज हात लावणार नाही. गाडीला हार घातलाय, दोरखंडसुद्धा पूजेत ठेवलाय. मी त्याला प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल दिलं, पुन्हा मागून घेतलं त्यानं. उद्या सकाळी ये म्हटलं. काम त्याचं, तो येणारच.

विजयादशमीच्या सकाळी माझी सगळी मुलं येतात, हे तर तुला आठवत असेल. पूजा उचलली की प्रत्येकानं थोडं तरी वाजवायचं, नव्यांनी पहिली पट्टी दाबायची. या वेळी मी प्रत्येकाच्या आईबापांनाही बोलावलं होतं. जिन्यापर्यंत माणसं. रघु आणि त्याची माणसं दोरखंड घेऊन जिन्याच्या खाली. अप्पाजी दारात, हातात सुंडलची वाटी, चेहरा असा की आता तमाशा होणार.

मी साडी बाजूला केली, फळी काढलेलीच होती, आणि उभी राहून तमिळमधून सांगितलं. मोठ्यानं, बहिऱ्या माणसाला हळू बोलणं जमत नाही. सांगितलं की मला वरचे सूर ऐकू येत नाहीत, हे मी दीड वर्ष लपवलं. आता कशी शिकवते तेही सांगितलं. म्हटलं, ज्यांना दुसरी टीचर हवी त्यांनी आजच जावं, आजचा दिवस शुभ आहे, माझा राग नाही.

श्रीनिधीची आई उठली. नोव्हेंबरात परीक्षा आहे, धोका नको म्हणाली. मी तिला अड्यारच्या एका चांगल्या टीचरचा पत्ता लिहून दिला. श्रीनिधी रडत गेली. मी थांबवलं नाही. आणखी एक जण मुलाला घेऊन उठून गेला. खोलीत सगळे एकमेकांकडे बघू लागले. विश्वा, तेव्हा मी मनात माझी ट्रंक भरायला घेतली होती.

मग शरण्याचे वडील म्हणाले, त्यांनी ओठ नीट हलवून म्हटलं म्हणून मला समजलं, "टीचर, माझी मुलगी चुकली तर तुम्हाला कळेल कसं?" रास्त प्रश्न. मी शरण्याला बसवलं. चौदा वर्षांची, चुणचुणीत पोरगी. म्हटलं, तुझा परीक्षेचा तुकडा वाजव आणि त्यात मुद्दाम एक चूक कर. कुठं ते कुणाला सांगू नकोस. मी मशीन काढून सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, तळवा लाकडावर टेकला.

तिनं वाजवलं. मी सांगितलं, तिसऱ्या ओळीत, डावा हात, शेजारची पट्टी लागली. तिनं मान हलवली, बरोबर. मी म्हटलं, ती मुद्दाम केलेली. पण तिच्या आधी दोनदा उजव्या हाताचं चौथं बोट उशिरा उठलं, ते मुद्दाम नव्हतं. ते गेल्या महिन्यापासून चाललंय, आणि घरी सराव होत नाहीये.

शरण्या लाल झाली. तिची आई बापाला म्हणाली, "मी सांगत होते ना, नुसता मोबाइल!" आणि सगळे हसायला लागले. हसणं मला चांगलं दिसतं. त्यानंतर कोणीही उठलं नाही. अप्पाजी पुढे आला, माझ्या तोंडासमोर उभा राहून एकेक शब्द तोडत म्हणाला, "काय गे विशालाक्षी, हें अगोदर सांगावं कीं नोको? मी बेल वाजवून वाजवून दमलों. सरी, बेलला एक दिवा जोडून देतों, वाजली कीं पेटेल. पण सकाळीं सहाला पियानो नोको, हें आतांच सांगतों." मी म्हटलं, सातला. तो साडेसात म्हणाला. बघू.

दिवा लागला. आत्ता लिहिताना तो पेटला होता, दूधवाला होता.

आता राहिला रघु. तो वर येऊन कोपऱ्यात उभा. त्यानं तुला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मला त्यातून नुसती घरघर आली. तू काहीतरी बोलत होतास, मी काहीतरी बोलू शकले असते, पण आपल्या दोघांचं वाक्य जुळलं नसतं. म्हणून मी फोन पियानोवर ठेवून दिला आणि पुढच्या मुलीला, जननीला, वाजवायला सांगितलं. नऊ वर्षांची आहे. नवीनच सुरांचा एक चढ शिकते आहे, हाताला अजून बसलेला नाही. म्हटलं, ऐकू दे तुला, माझ्या वतीनं.

थोड्या वेळानं रघुनं फोन उचलून कानाला लावला. ऐकलं, आणि खो खो हसला. मग खाली जाऊन माणसांना हाक मारली, दोरखंड गुंडाळला, आणि गाडी निघून गेली. मी विचारलं, सर काय म्हणाले? तो काहीतरी म्हणाला, पण हसत होता, ओठ वाचता येईनात.

तू काय म्हणालास ते लिहून कळव. सुवाच्य अक्षरात.

आत्या


पुणे
१२ ऑक्टोबर

ती. आत्या,

अक्षर जपून लिहितोय.

दसऱ्याच्या सकाळी आमच्याकडे सुष्मिताचे आईवडील, मामा, मामी, सगळे जमले होते. रघुचा फोन आला तेव्हा मी श्रीखंड वाढत होतो, हात बरबटलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. तुझा श्वास ऐकू आला. मी "आत्या, ऐक" म्हणून सुरुवात केली. तुला काय काय सांगायचं याची मी दोन दिवस तयारी केली होती. फ्लॅटचं, डॉक्टरचं, वयाचं, सगळं.

मग खडखड झालं आणि पियानो वाजायला लागला. लहान मुलीचा हात, हे लगेच कळलं. चढत जायची आणि एका जागी अडखळायची. परत पहिल्यापासून, परत त्याच जागी. आत्या, ती जागा मला ठाऊक आहे. मी बारा वर्षांचा होतो तेव्हा तिथंच अडकायचो. तिसऱ्यांदा ती अडखळली आणि मी, हातात श्रीखंडाचा डाव, सासऱ्यांच्या डोक्यावरून, तुझ्याच आवाजात ओरडलो, "चौथं बोट!"

सगळी पंगत माझ्याकडे वळली. रघु तेवढंच ऐकून हसला असणार. त्यानंतर मी त्याला म्हणालो, गाडी परत ने, तिथून काही उचलायचं नाहीये. सिरुसेरीला कळवलं. ते म्हणाले, हरकत नाही, लॉबीत कारंजं बसवू.

तू एक जरी मूल उरलं तर म्हणाली होतीस. त्या सकाळी किती उरली ते मी विचारत नाही. फ्लॅटचं मी यापुढे बोलणार नाही. तू शिकवतेस तोवर तो तुझा वर्ग आहे.

ऊर्मी त्या दिवसापासून प्रत्येक बोट वर करून विचारते, बाबा, ह्यातलं आळशी कुठलं? मी दाखवलं. ती म्हणाली, तुमचं पण? कीबोर्डची ऑर्डर मी रद्द केली आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं येतोय, आणि तिनं पहिली पट्टी तुझ्यासमोरच दाबायची असं ठरलंय. विजयादशमी टळून गेली, पण तेवढं तू सांभाळून घेशील.

आज रविवार. ऊर्मीची नखं कापली. कात्री हातात होतीच, मग माझीही कापली.

विश्वा